पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल, १८५८ – ५ एप्रिल, १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या होत्या. मुंबईतील शारदा सदन व केडगाव येथील मुक्ती मिशन या संस्था त्यांनी स्थापन केल्या. इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेत आपल्या कार्यासाठी सहायक मंडळांचे जाळे उभारले. परदेशातून मदत घेतानाही धर्मविषयक मत आणि संस्थेचा कारभार यांबाबतचे स्वातंत्र्य त्यांनी सोडले नाही. त्यामुळे त्यांना प्रथम इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांशी व पुढे पुण्यातील सुधारकांशी मतभेद पत्करावे लागले.

पूर्वजीवन

रमाबाईंचा जन्म सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. आईकडून रमाबाईंना पुराणांचे व व्याकरणाचे शिक्षण मिळाले. कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर फिरत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचे निधन झाले. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पायी भ्रमंती केली. १८७८ मध्ये ते कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

भावाच्या निधनानंतर रमाबाईंनी १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी या परजातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला, तर १८८२ च्या प्रारंभी पतीचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली.

इंग्लंडमधील वास्तव्य

पुण्यात त्यांचा परिचय वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या जोगिणींशी झाला. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या १८८३ मध्ये मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. ग्रंथविक्रीतून आलेले पैसे त्यांनी प्रवासखर्चासाठी वापरले. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत मात्र सोडून द्यावा लागला. ख्रिस्ती धर्माचा अभ्यास करताना नेहेम्या गोरे या महाराष्ट्रीय अँग्लिकन धर्मगुरूंच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. २९ सप्टेंबर, १८८३ रोजी मायलेकींनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या अध्यापनगुणांना उत्तेजन दिले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा भारतातील अँग्लिकन बिशपांनी त्यास हरकत घेतली. एका भारतीय विधवेने असे करणे तिच्या भावी कार्यास बाधक ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या वर्तनाविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता घेतला जावा, हे रमाबाईंनी मान्य केले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्यांनी शंका उपस्थित केल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांना दीक्षेच्या मार्गावर आणणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा वाद सविस्तर आला आहे.

रमाबाई असोसिएशन

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गेल्या. अल्प मुक्कामासाठी केलेला हा प्रवास सुमारे अडीच वर्षे लांबला. या काळात त्यांनी बालवाडी शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि गावोगावी व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला डॉ. रेचेल बॉडली यांची प्रस्तावना होती.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष होते. उपाध्यक्षांमध्ये अँग्लिकन परंपरेतील एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रुक्स, काँग्रिगेशनल पंथाचे जॉर्ज गॉर्डन आणि मद्यपानविरोधी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांचा समावेश होता. अशा रीतीने ही संघटना कोणत्याही एका पंथाची राहिली नाही. तिच्याशी संलग्न रमाबाई मंडळे शहरांत व महाविद्यालयांत स्थापन झाली. सभासद ठरावीक वार्षिक वर्गणी देत आणि विधवागृहाचा खर्च दहा वर्षे चालविण्याचे वचन असोसिएशनने दिले होते. संस्थेत धर्मप्रसार करू नये व विद्यार्थिनींना आपापला धर्म पाळण्याची मुभा असावी, हे तत्त्व ठरले. भारतात सल्लागार मंडळ नेमण्यात आले.

शारदा सदन

जपानमार्गे परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च, १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये बालविधवा गोदूबाई होत्या. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

रमाबाई स्वतः प्रार्थना करीत असताना खोलीचे दार उघडे ठेवीत व काही मुली तेथे येऊन बसत. यावरून धर्मांतराचा आरोप झाला व 'केसरी'ने संस्थेवर टीका केली. १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. मुलींना प्रार्थनेला येण्यास बंदी करणे म्हणजेही त्यांच्या स्वातंत्र्यावर घाला होय, असे रमाबाईंचे म्हणणे होते. सल्लागारांच्या दृष्टीने मात्र अल्पवयीन आश्रितांवर चालिकेचा प्रभाव पडणे अटळ होते. बोस्टनच्या असोसिएशनने रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला.

मुक्ती मिशन

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणून त्यांना केडगाव येथे आश्रय दिला. यातून मुक्ती मिशन उभे राहिले. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. दहा वर्षांची मुदत संपत आल्याने १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या व असोसिएशनची पुनर्रचना झाली. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीतील रहिवाशांची संख्या दीड हजारांहून अधिक झाली. मुलींना विणकाम, छपाई, शेती व अध्यापन शिकविले जाई.

१९०५ मध्ये केडगावी धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. तरुण मुलींचे प्रार्थनागट तयार झाले व ते आसपासच्या गावांत जाऊ लागले. मुक्तीतील सहकारी मिनी अब्राम्स यांनी या घटनांवर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीला तिच्यातून प्रेरणा मिळाली.

अखेरचा काळ व स्मृती

उत्तरायुष्यात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. संस्थेची जबाबदारी सांभाळणाऱ्या मनोरमाबाईंचे १९२१ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी रमाबाईंचे केडगाव येथे देहावसान झाले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचा वाद झाला होता, त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन म्हणून नोंदविला आहे.