खिडकी उघडणारा डॉक्टर

आमच्या संस्थेतर्फे मी वस्तीतल्या टीबीच्या पेशंटांकडे जाते. गोळ्या चुकत नाहीत ना, पोटात दोन घास जातात ना, एवढंच बघायचं काम. गेल्या उन्हाळ्यात एका घरी गेले, तर खोलीला एकच खिडकी आणि तीही जुन्या चादरीचे बोळे कोंबून बंद केलेली. आत पंचविशीतला मुलगा, त्याची बायको, आई आणि दोन वर्षांचं लेकरू. वारं बाधेल म्हणून बंद ठेवलीय, असं मावशींनी ठामपणे सांगितलं. मी समजावलं, त्यांनी मान डोलावली, बोळे काढले. आणि विसरलेली छत्री घ्यायला मी परत आले, तेवढ्यात खिडकी पुन्हा बंद!

राग आला, पण हसूही आलं. कारण दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधले नामांकित डॉक्टरही अगदी मावशींसारखंच सांगत होते. हे मला कळलं ते डॉ. एडवर्ड ट्रूडो यांच्या आत्मचरित्रामुळे. एका डॉक्टरीणबाईंनी वाचायला दिलं होतं ते. मैत्रिणींनो, तेव्हापासून हा माणूस माझ्या मनात घर करून बसलाय.

एडवर्डचा जन्म न्यूयॉर्कचा, ५ ऑक्टोबर १८४८चा. घराण्यात डॉक्टरकी होतीच. आईवडील वेगळे झाले आणि आई मुलांना घेऊन पॅरिसला गेली, त्यामुळे बालपण तिथंच गेलं. सतरा-अठरा वर्षांचा असताना तो अमेरिकेत परतला. नौदलात जायचं ठरत होतं, तेवढ्यात मोठ्या भावाला क्षय झाला. एडवर्डनं नौदलाचं सोडलं आणि भावाच्या उशाशी बसला. काही महिने एकाच खोलीत, रात्रंदिवस. डॉक्टरांची सूचना होती की खिडकी मुळीच उघडायची नाही. त्यानं ती इमानानं पाळली. १८६५च्या डिसेंबरात भाऊ गेला. त्या बंद खोलीतून एडवर्ड काय घेऊन बाहेर पडला, ते कळायला पुढं सात-आठ वर्षं जावी लागली.

मधल्या काळात तो डॉक्टर झाला (१८७१), त्याच वर्षी शार्लट बीअर या मुलीशी लग्न झालं, संसार मांडला. आणि १८७३ साली निदान झालं, क्षय. तेव्हा या आजाराला औषधच नव्हतं. निदान म्हणजे निरोप, असाच सगळा मामला. मरायचंच आहे तर आवडत्या जागी मरू, म्हणून तो न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या पॉल स्मिथच्या हॉटेलात गेला. शिकारीला पूर्वी तिथं येऊन गेला होता. तिथल्या वाटाड्यानं त्याला दोन हातांवर उचलून जिना चढवला. त्या गड्याला तो कोकराच्या वाळक्या कातड्याइतका हलका वाटला म्हणे.

आणि झालं भलतंच. देवदारांची राई, तळ्यावरची हवा, नावेत आडवं पडून राहायचं, दुधातुपाचं जेवण. माणूस भरू लागला! शहरात गेला की ताप, डोंगरात आला की उतार. शेवटी ट्रूडोंनी तिथंच राहायचं ठरवलं, हिवाळ्यातसुद्धा. मला इथं शार्लटबाईंचं फार वाटतं. श्रीमंत शहरातली मुलगी, पदरात दोन लहान मुलं, आणि १८७५च्या जानेवारीत बर्फाच्या वादळातून गाडी हाकत जंगलात बिऱ्हाड करायला निघाली. वाटेत घोडे बर्फात रुतले. नवऱ्याच्या चरित्रात अशा बायका दोन ओळींत उरकल्या जातात. ट्रूडोंनी मात्र तिचं ऋण मोकळेपणानं मांडलंय.

पुढच्या वर्षी ते जवळच्या सॅरनॅक लेक या खेड्यात राहायला गेले. १८८२ हे वर्ष मोठं. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. त्याच सुमाराला ब्रेमर या डॉक्टरनं सायलेशियाच्या डोंगरात चालवलेल्या आरोग्यधामाची माहिती ट्रूडोंच्या वाचनात आली. त्यांच्या मनात आलं, मी श्रीमंत म्हणून इथं येऊन जगलो, गिरणी-कारखान्यातल्या पोरींनी काय करायचं? त्यांनी पैसे मागायला सुरुवात केली. वाटाड्यांनी वर्गणी काढून सोळा एकर जमीन घेऊन दिली. हे मला सगळ्यात आवडतं, कारण वर्गणी मागायची सवय मलाही आहे. आणि मोठे देणगीदार विचार करत बसतात, तेव्हा भाजीवाली पटकन पन्नास रुपये काढून देते, हा माझाही अनुभव आहे.

१८८५ साली पहिली झोपडी उभी राहिली. एक खोली आणि पुढं छोटीशी पडवी, रंग लाल, म्हणून नाव पडलं ‘लिटल रेड’. त्यात राहायला आल्या न्यूयॉर्कच्या कारखान्यातल्या दोघी बहिणी. मोठ्ठं इस्पितळ न बांधता सुट्या सुट्या झोपड्याच बांधायच्या, ही ट्रूडोंची कल्पना. आठवड्याला पाच डॉलर घ्यायचे, जे खर्चापेक्षा कमीच होते, आणि डॉक्टरांनी मोबदला घ्यायचा नाही. दिवसभर पडवीत घोंगड्या पांघरून पडायचं, बर्फ पडत असला तरी! हळूहळू सगळं गावच पडव्यांचं झालं. पेशंटमागोमाग आया, बायका, मुलं येऊन खोल्या भाड्यानं घेऊन राहू लागली. ‘ट्रेझर आयलंड’वाले स्टीव्हनसनही १८८७-८८चा हिवाळा तिथं काढून गेले. ट्रूडोंच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या बघून मात्र त्यांना मळमळलं.

याच सुमाराची आपली आनंदीबाई आठवते. ती मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, मग मायदेशी परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानंच गेली. तिची रक्षा कार्पेंटरबाईंनी पोकिप्सीला, त्याच न्यूयॉर्क राज्यात, आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली. नकाशात ही दोन गावं पाहिली आणि उगाच जीव हळहळला.

नुसती हवा पुरते का, याचाही त्यांनी छडा लावला. पाच सशांना जंतू टोचून छोट्या बेटावर मोकळं सोडलं, त्यातले चार तगले. तसेच टोचलेले पाच अंधाऱ्या, दमट जागी कोंडले, त्यांतले चार तीन महिन्यांत मेले. टोचलेच नव्हते, पण खड्ड्यात ठेवले होते, ते रोडावले, पण क्षय काही झाला नाही. म्हणजे जंतूशिवाय रोग नाही, आणि हवा-अन्नाशिवाय लढायला बळ नाही.

पण सगळं गोड नव्हतं. आजार पुढं गेलेल्यांना आरोग्यधामात घेत नसत. सुरुवातीच्या अवस्थेतल्यांनाच जागा. ज्यांना नाही म्हटलं ते गावातल्या खोल्यांत शेवटचे दिवस काढत. जागा थोडी, तर जगू शकेल त्याला द्यायची, हा हिशोब डोक्याला पटतो. दारातून परत गेलेल्या आईला कसा पटावा? आणि ट्रूडोंच्या स्वतःच्या घरी? चार मुलांतलं एक तान्हेपणी गेलं. लाडकी लेक चॅट १८९३ साली क्षयानंच गेली, एवढ्या हवेत राहून. त्याच वर्षी राहतं घर, आतल्या प्रयोगशाळेसकट, जळून खाक झालं. वर्षाच्या आत त्यांनी दगडी प्रयोगशाळा उभी केली. अमेरिकेत केवळ क्षयाच्या अभ्यासासाठी बांधलेली ती पहिली. १९०४मध्ये डॉक्टर झालेला तरणाताठा मुलगा न्यूमोनियाच्या आजारपणात गेला. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या नव्या क्षयनिवारण संघटनेचं पहिलं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. माणूस काम करत राहिला, बऱ्याचदा अंथरुणातूनच. १५ नोव्हेंबर १९१५ला ते गेले. मरायला म्हणून डोंगरात आले, त्यानंतर बेचाळीस वर्षांनी!

मग स्ट्रेप्टोमायसिन आलं, पुढं गोळ्या आल्या आणि आरोग्यधाम १९५४ साली बंद झालं. १९५९मध्ये आपल्याच मद्रासच्या अभ्यासानं दाखवलं की औषधं नीट घेतली तर घरी राहूनही तितकंच बरं होता येतं. म्हणून तर मी आज कुणाला डोंगरात न पाठवता वस्तीतच गोळ्या मोजत बसते.

परवा पुन्हा गेले होते. मुलाचं वजन चार किलो वाढलंय, गोळ्या अजून दोन महिने आहेत. सुनेनं खिडकीला मच्छरदाणीचा तुकडा लावून घेतलाय. दिवसभर ती उघडी असते. रात्री मात्र मावशी उठून बोळे कोंबतात आणि पहाटे सून ते काढते. दोघी एकमेकींना काहीच बोलत नाहीत म्हणे.