बावीस वर्षांचा मास्तर

कलकत्त्याचे अजून कोलकाता व्हायचे होते, तेव्हाची गोष्ट. बँकेने माझी तिकडे बदली केली होती. बिऱ्हाड पुण्यातच होते आणि रविवार अगदी खायला उठे. अशाच एका रविवारी शाखेतले एक बंगाली सहकारी मला पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत घेऊन गेले. १७६७ साली सुरू झालेली ही जागा. सुळक्यांसारखी उंच थडगी, त्यांवर शेवाळे आणि वर झाडांची गर्द सावली. संस्कृतचे पंडित सर विल्यम जोन्स इथेच विसावले आहेत. सहकारी मात्र तिथे थांबले नाहीत. ते मला दुसऱ्याच एका थडग्यापाशी घेऊन गेले, त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. ते थडगे एका मास्तराचे होते. कॉलेजातून काढून टाकलेल्या, अवघ्या बावीस वर्षांच्या मास्तराचे.

हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ हे नाव शाळेत ‘यंग बंगाल’ चळवळीबरोबर एका ओळीत वाचले होते. परीक्षेत त्यावर टीप लिहिली आणि विसरून गेलो. त्या रविवारपासून मात्र हा मास्तर माझ्या मागे लागला. वयाने तो माझ्या मुलापेक्षाही लहान, म्हणून त्याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही. वाचकांनी क्षमा करावी.

एप्रिल १८०९ मध्ये कलकत्त्यात त्याचा जन्म झाला. घराण्यात पोर्तुगीज रक्त. वडील एका इंग्रज व्यापारी पेढीत हिशेबनीस, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. अशा मिश्र कुळातल्या माणसांना गोरे आपले मानत नसत आणि हिंदूंच्या लेखी तर ते परकेच. पोरगा सहा वर्षांचा असताना धरमतल्यातल्या डेव्हिड ड्रमंड यांच्या शाळेत गेला. ड्रमंड हे स्कॉटलंडचे, स्वतः कवी आणि विचाराने स्वतंत्र. त्यांच्या शाळेत गोरी, मिश्र वंशाची आणि हिंदू मुले एकत्र शिकत. कुठलीही गोष्ट केवळ कुणी सांगितली म्हणून खरी मानायची नाही, हे बाळकडू हेन्रीला इथेच मिळाले.

चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि तो वडिलांच्याच पेढीत कारकुनीला बसला. खातेवहीवर मान मोडून काम करणे काय असते, हे मी जाणतो. त्याला ते मानवले नाही. तो भागलपूरला मावशीच्या यजमानांच्या निळीच्या कारखान्यावर गेला. तिथे गंगा होती, नदीच्या पात्रात खडकाळ बेट होते आणि भोवती दंतकथा होत्या. पोरगा कविता लिहू लागला आणि कलकत्त्याच्या ‘इंडिया गॅझेट’कडे पाठवू लागला. १८२७ मध्ये त्याचा पहिला संग्रह निघाला. दुसऱ्या वर्षी ‘द फकीर ऑफ जंघीरा’ हे दीर्घकाव्य आले. चितेवर चढवल्या जाणाऱ्या एका विधवेची सुटका, हा त्याचा विषय. सतीबंदीचा कायदा १८२९ च्या डिसेंबरात झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलाचे धाडस कळते. हिंदुस्थानला आपली मायभूमी म्हणून इंग्रजीत कविता लिहिणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी तो एक.

विशी गाठायच्या आतच त्याला हिंदू कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवायची नोकरी मिळाली. विद्यापीठ निघायला अजून तीन दशके होती. उच्च शिक्षण म्हणजे १८१७ साली निघालेले हे कॉलेज. समोर बसणारी कितीतरी मुले त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान होती.

माझी भाची कॉलेजात शिकवते. हल्ली विद्यार्थ्यांना वर्गात बोलते करण्याच्या निरनिराळ्या पद्धती त्यांना शिकवतात, असे ती सांगते. गटचर्चा, वादविवाद, आधी वाचून येणे आणि मग वर्गात प्रश्नांना सामोरे जाणे, अशी त्यांची नावे. ती ऐकताना मला हा मास्तर आठवतो. तो मुलांना पुस्तक वाचायला लावी आणि मग त्यावर त्यांचे मत विचारी. मत सांगितले की त्याची कारणे विचारी. मग विरुद्ध बाजू स्वतः मांडून, आता याला उत्तर द्या, म्हणून मोकळा होई. तास संपला तरी चर्चा संपत नसे. ती वऱ्हांड्यात चाले, संध्याकाळी त्याच्या घरी चाले. स्वतःचे मत मुलांच्या गळी उतरवणे त्याला सहज शक्य होते. मुले त्याच्यावर जीव टाकत होती. पण मुलांनी दोन्ही बाजू तोलून आपापले मत बनवावे, यावर त्याचा कटाक्ष होता.

वर्ग अपुरा पडू लागला, तेव्हा १८२८ च्या सुमारास ‘अकॅडमिक असोसिएशन’ निघाली. माणिकतल्यातल्या एका बागबंगल्यात सभा भरत आणि अध्यक्ष डेरोझिओ असे. दैव मोठे की प्रयत्न, ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे काय, मूर्तिपूजा योग्य का, देशप्रेम म्हणजे काय, या विषयांवर पंधरा-सोळा वर्षांची मुले बोलत. घड्याळांचा धंदा सोडून शिक्षणाला वाहून घेतलेले डेव्हिड हेअर तिथे श्रोते म्हणून येत, मोठे इंग्रज अधिकारीही येत. ज्या घरांत वडिलांसमोर मान वर करून बोलायची सोय नव्हती, त्या घरांतली ही मुले.

घराघरांत भडका उडणारच होता. काही मुलांनी संध्या सोडली, काहींनी निषिद्ध खाणेपिणे म्हणजेच सुधारणा असा समज करून घेतला. रसिककृष्ण मल्लिक या विद्यार्थ्याने तर न्यायालयात गंगाजलाची शपथ घ्यायला नकार दिला. विद्यार्थ्यांनी १८३० मध्ये ‘पार्थेनॉन’ नावाचे नियतकालिक काढले. कॉलेजच्या चालकांनी दुसरा अंक बाहेर पडू दिला नाही. आईबापांनी मुलांची नावे काढायला सुरुवात केली. मी स्वतः बाप आहे, त्या बापांची भीती मला कळते. पोराला इंग्रजी यावे आणि चांगली नोकरी मिळावी म्हणून कॉलेजात घातले, तर ते कुलदेवतेलाच प्रश्न विचारत घरी आले! त्यांचे चुकले म्हणायला माझे मन धजत नाही.

२३ एप्रिल १८३१ रोजी कॉलेजच्या चालकांची सभा भरली. हा शिक्षक शिकवायला नालायक ठरतो का, असे आधी विचारले गेले. तसे म्हणायला बहुमत झाले नाही. मग प्रश्न बदलला. शहरातल्या हिंदूंच्या भावना पाहता त्याला काढणे सोयीचे आहे का? यावर बहुमत झाले. संस्कृतज्ञ होरेस विल्सन आणि डेव्हिड हेअर यांनी, हा हिंदूंच्या भावनांचा प्रश्न म्हणून, मत दिले नाही. ज्याच्याबद्दल हे सारे चालले होते, त्याला कुणी बोलावलेही नाही. दोन्ही बाजू ऐकायला शिकवणाऱ्याची बाजू कुणी ऐकली नाही.

त्याने २५ एप्रिलला राजीनामा दिला. विल्सननी खासगी पत्रातून त्याला तीन गोष्टी विचारल्या. तू ईश्वर मानतोस का, आईबापांचा मान राखणे हे कर्तव्य नाही असे शिकवतोस का, भावाबहिणीचा विवाह गैर नाही असे म्हणतोस का? दुसऱ्याच दिवशी त्याने सविस्तर उत्तर लिहिले. त्याचा मथितार्थ असा की, ईश्वर नाही असे आपण कधीच कुणाला सांगितले नाही, पण या विषयावर चर्चा केली हे कबूल आहे. मुलांपुढे ह्यूमच्या शंका ठेवल्या, तशीच त्या शंकांना रीड आणि स्ट्युअर्ट यांनी दिलेली उत्तरेही ठेवली. वडिलांशी उद्धटपणे वागलेल्या एका विद्यार्थ्याला आपणच खडसावले आणि घर सोडून निघालेल्या दुसऱ्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. तिसरा आरोप तर त्याने तिरस्काराने झिडकारला.

वडील १८३० मध्येच गेले होते आणि घरच्यांचा भार त्याच्यावर होता. त्याने ‘द ईस्ट इंडियन’ हे वर्तमानपत्र काढले. पण आठच महिन्यांत पटकीने त्याला गाठले. शेवटच्या आजारात उशाशी त्याचे विद्यार्थी होते. २६ डिसेंबर १८३१ रोजी तो गेला.

पुढे या विद्यार्थ्यांचे काय झाले, हे पाहिले की त्याच्या शिकवण्याची परीक्षा होते. कृष्णमोहन बंद्योपाध्याय ख्रिस्ती झाले आणि धर्मोपदेशक बनले. रामतनू लाहिरींनी १८५१ मध्ये जानवे काढले आणि ते आयुष्यभर शिक्षकच राहिले. शिवचंद्र देव ब्राह्मो समाजात गेले आणि त्यांनी आपल्या गावी, कोन्नगरला, शाळा उभी केली. रामगोपाल घोष व्यापारात गेले आणि मोठे वक्ते म्हणून गाजले. प्यारीचाँद मित्र यांच्या ‘आलालेर घरेर दुलाल’ने बंगाली कादंबरीचा पाया घातला. राधानाथ सिकदार सर्वेक्षण खात्यात गेले आणि त्यांच्या आकडेमोडीतून सिद्ध झाले की पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच आहे. तेच आपले एव्हरेस्ट. याच राधानाथ आणि प्यारीचाँद यांनी १८५४ मध्ये बायकांना सहज वाचता यावे म्हणून साध्या बोलीतले मासिक काढले. धर्म, धंदा, मते, सगळे वेगवेगळे. एका मास्तराने आपली मते पढवली असती, तर सगळे एकाच साच्यातून निघाले असते.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट खुपते आहे. निवृत्तीच्या आधी काही वर्षे मी प्रशिक्षण केंद्रात नव्या अधिकाऱ्यांना कर्जप्रकरणे कशी तपासावीत हे शिकवत असे. तासभर बोलायचो, शेवटी पाच मिनिटे शंकांसाठी ठेवायचो आणि कुणी काही विचारले नाही की आपण उत्तम शिकवले म्हणून खूश व्हायचो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने मी नमुना म्हणून दाखवलेल्या प्रकरणाबद्दल विचारले. ताळेबंदात एवढा माल दिसतो आहे, पण गोदामात जाऊन तो कुणी पाहिला का? वर्गात हशा पिकला. तो विषय पुढच्या तासाचा आहे, असे सांगून मी त्याला खाली बसवले. पुढच्या तासाला मी तो विषय घेतला नाही. कारण उत्तर माझ्याकडे नव्हते. गोदाम मीही पाहिले नव्हते.

तो मुलगा उरलेल्या आठवड्यात एकदाही बोलला नाही. त्याच्याकडून मी काय हिरावून घेतले, हे तेव्हा कळले नाही. परवा जुनी डायरी चाळताना कलकत्त्याच्या त्या रविवारची नोंद सापडली. थडग्यासमोर सहकाऱ्यांनी चपला काढल्या, मी मात्र बूट घालून उभा होतो, असे मीच लिहून ठेवले आहे.