विश्लेषण : दुप्पट वजनाच्या हिऱ्याची किंमत दुप्पट का नसते? साडेतीनशे वर्षांपूर्वी हिशेब मांडणारा टॅव्हर्नियर कोण होता?

अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याची किंमत पाहून एक कॅरेटच्या हिऱ्याला तिच्या दुप्पट पैसे लागतील, असा अंदाज अनेक ग्राहक बांधतात. प्रत्यक्षात त्याच दर्जाचा एक कॅरेटचा हिरा दुपटीहून बराच महाग असतो. या भावामागचे गणित युरोपला सविस्तर समजावून सांगणारा माणूस होता झां-बाप्तिस्त टॅव्हर्नियर. तो गोवळकोंड्याच्या खाणींपर्यंत पोहोचला, औरंगजेबाचे जवाहीर त्याने हातात घेऊन पाहिले आणि शायिस्तेखानाशी व्यवहार करताना त्याचे पैसेही अडकले. त्याचे आयुष्य समजून घेतले तर हिरा घेताना काय पाहावे, हेही कळते.

टॅव्हर्नियर कोण होता?

टॅव्हर्नियरचा जन्म १६०५ मध्ये पॅरिसमध्ये झाला. नकाशांचा व्यवसाय करणारे त्याचे प्रोटेस्टंट कुटुंब मूळचे अँटवर्पचे होते. घरातले नकाशे आणि प्रवाशांच्या गप्पा यांतून त्याला लहानपणीच भटकंतीचे वेड लागले. तरुणपणी युरोप पालथा घालून तो १६३० च्या दशकाच्या सुरुवातीला इराणला गेला. पुढच्या सुमारे चार दशकांत त्याने पूर्वेकडे सहा मोठे प्रवास केले.

युरोपातून दागिने आणि मौल्यवान वस्तू आणायच्या, त्या इथल्या सरदारांना विकायच्या आणि परतताना हिरे न्यायचे, हा त्याचा धंदा. हिऱ्याचे वजन नगण्य आणि किंमत प्रचंड, त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी याहून सोयीचा माल नव्हता. सुरत हे त्याचे भारतातले मुख्य प्रवेशद्वार होते. गोव्यालाही तो दोनदा गेला, १६४१ मध्ये आणि नंतर १६४८ मध्ये वेंगुर्ल्याहून.

हिरे कुठून यायचे?

त्या काळात जगाच्या बाजारात येणारे जवळपास सगळे हिरे भारतातून जात. बोर्निओत थोडे मिळत, तेवढेच. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा आजच्या आंध्र प्रदेशात पोहोचते, तिथे तिच्या काठी कोल्लूरची खाण होती. तिथे सुमारे ६० हजार माणसे राबत होती, असे टॅव्हर्नियरने नोंदवले आहे. त्यांची मजुरी अत्यंत तुटपुंजी असल्याचेही त्याने लिहून ठेवले. खाणीतून बाहेर पडलेला खडा व्यापाऱ्याकडे जाताच त्याची किंमत अनेक पटींनी वाढे, त्या वाढीतले मजुराच्या हाती फारसे काही येत नसे.

खाणीजवळच्या बाजारात सौदा बोलून होत नसे. दोन व्यापारी समोरासमोर बसत, कापडाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. संपूर्ण हात धरला तर हजार, एक बोट धरले तर शंभर, बोटाचे टोक धरले तर दहा. शेजारी बसलेल्यालाही किती रुपयांत सौदा झाला ते कळत नसे. एकाच बैठकीत तोच माल वेगवेगळ्या भावाने विकला जाऊ शकत असे.

‘वर्गाचा नियम’ काय होता?

अशा गुप्त भावांच्या बाजारात टॅव्हर्नियरने किमतीचे सूत्र लिहून ठेवले. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ते आहे. त्यानुसार हिऱ्याचे कॅरेटमधले वजन घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा आणि त्याला त्या दर्जाच्या एक कॅरेट हिऱ्याच्या किमतीने गुणायचे.

त्याची दोन उदाहरणे पाहा. निर्दोष हिरा १२ कॅरेटचा आहे आणि त्या दर्जाच्या एका कॅरेटचा भाव १५० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) आहे. १२ चा वर्ग १४४, त्याला १५० ने गुणले की किंमत २१,६०० लिव्र. दुसरा हिरा १५ कॅरेटचा, पण सदोष. त्याच्या एका कॅरेटचा भाव ८० लिव्र. १५ चा वर्ग २२५, गुणिले ८०, म्हणजे १८,००० लिव्र. वजनाने तीन कॅरेट जास्त असूनही दुसरा हिरा ३,६०० लिव्रने स्वस्त पडला.

वर्ग करण्यामागचे कारण दुर्मीळता हे आहे. छोटे खडे भरपूर सापडतात, मोठे क्वचितच. त्यामुळे वजन वाढते तशी एकूण किंमत वाढतेच, शिवाय प्रति कॅरेट भावही वाढतो. हे सूत्र पुढे त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. भारतातल्या रत्नपरीक्षेच्या जुन्या ग्रंथांतही वजनाबरोबर भाव झपाट्याने चढत जाणारे तक्ते होते.

औरंगजेबाच्या खजिन्यात काय पाहिले?

२ नोव्हेंबर १६६५ रोजी औरंगजेबाचे जवाहीर पाहण्याची संधी त्याला मिळाली. त्यात ‘ग्रेट मोगल’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला हिरा होता. त्याचे वजन सुमारे २७९.५६ कॅरेट भरले. एका कॅरेटचा भाव १५० लिव्र धरून त्याने त्याची किंमत १,१७,२३,२७८ लिव्र काढली.

हा हिरा कच्चा असताना तब्बल ७८७.५ कॅरेटचा होता, असे त्याला सांगण्यात आले. होर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराकडे तो घडवायला दिला होता. बोर्जिओने खड्याचे तुकडे पाडण्याऐवजी तो घासत नेला आणि मोठा भाग भुकटी होऊन गेला. संतापलेल्या बादशहाने त्याला मजुरी तर दिली नाहीच, उलट १० हजार रुपये दंड केला. नुसत्या वजनाचा वर्ग धरला, तर ७८७.५ आणि २७९.५६ कॅरेट यांच्या किमतीत सुमारे आठपट फरक पडतो.

शायिस्तेखानाकडे पैसे का अडकले?

लाल महालातून १६६३ मध्ये बोटे गमावून परतलेला शायिस्तेखान पुढे बंगालचा सुभेदार झाला. टॅव्हर्नियरचे तो जुने गिऱ्हाईक. जानेवारी १६६६ मध्ये टॅव्हर्नियर त्याला भेटायला ढाक्याला गेला आणि जवाहीर विकले. पैशांसाठी त्याला कासिमबाजारची हुंडी मिळाली. तिथे पोहोचल्यावर मात्र पैसे देऊ नयेत, असा हुकूम आधीच आलेला होता. त्याने भाव जास्त लावल्याची तक्रार दरबारी जवाहिऱ्यांकडून खानापर्यंत पोहोचली होती. अखेर २० हजार रुपये कमी घेऊन त्याला निघावे लागले, असे त्याने लिहिले आहे. हिऱ्यांचे सूत्र लिहिणाऱ्या माणसालाही आपण लावलेला भाव समोरच्याला पटवून देता आला नाही, कारण दोघांनाही मान्य असा तिसरा परीक्षक तेव्हा नव्हता.

आज काय बदलले?

१७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये आणि १८६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि पुरवठा वाढला. वर्गाचा नियम आज तंतोतंत लागू होत नाही. पण त्यामागचे तत्त्व कायम आहे. तिसऱ्या परीक्षकाची जागा प्रयोगशाळांच्या प्रमाणपत्रांनी घेतली. वजन, रंग, शुद्धता आणि पैलू या चार निकषांवर भाव ठरतो.

हिरा घेताना काय लक्षात ठेवावे?

- प्रति कॅरेट भाव काढा : आज भाव पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. अर्धा, एक, दीड कॅरेट या टप्प्यांवर तो एकदम वाढतो. गोल आकारात ०.९० आणि १ कॅरेटच्या हिऱ्यांच्या व्यासात साधारण पाव मिलिमीटरचाच फरक असतो. अंगठीत तो सहज कळत नाही, बिलात कळतो.

- पैलूंवर तडजोड नको : चमक मुख्यतः पैलूंच्या प्रमाणावर अवलंबून असते. वजन वाचवण्यासाठी बुडाशी जाड ठेवलेला हिरा वरून लहान आणि निस्तेज दिसतो.

- शुद्धतेचा अहवाल वाचा : स्वच्छ खड्याला इथले कारागीर फक्त झिलई देतात आणि दोष असला की तो लपवायला जास्त पैलू पाडतात, हे टॅव्हर्नियरने पाहिले होते. डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल, तर त्याहून वरच्या शुद्धतेसाठी जास्त पैसे मोजायचे का, हे आपण ठरवावे.

- साध्या उजेडात पाहा : हिऱ्यातली निळसर झाक ओळखायला खाणीवरचे व्यापारी तो झाडाच्या सावलीत नेत. दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली बहुतेक हिरे चमकतात. खिडकीपाशीही पाहा.

- प्रमाणपत्र आणि खडा जुळवा : जीआयए किंवा आयजीआयसारख्या संस्थेचा अहवाल मागा. अनेक हिऱ्यांच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक असतो, तो भिंगातून तपासा. दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याच्या नव्हे.

- नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे बिलावर लिहून घ्या : दोन्ही खरे हिरेच, पण प्रयोगशाळेत तयार केलेला खूप स्वस्त मिळतो आणि त्याची फेरविक्रीची किंमत फारच कमी येते. नैसर्गिक हिराही परत विकताना सहसा खरेदीच्या भावाने जात नाही.

- बिल फोडून मागा : हिरा, सोने, घडणावळ आणि कर वेगवेगळे दाखवलेले असतील, तरच दोन दुकानांची तुलना करता येते.

टॅव्हर्नियरचे पुढे काय झाले?

१६६८ मध्ये फ्रान्सला परतल्यावर त्याने चौदाव्या लुईला हजाराहून अधिक हिरे विकले. त्यात आजच्या मापाने सुमारे ११५ कॅरेटचा निळा हिरा होता. राजाने चमक वाढवण्यासाठी तो पुन्हा घडवून घेतला आणि वजन सुमारे ६९ कॅरेटवर आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये तो चोरीला गेला. त्यातूनच पुन्हा घडवलेला ४५.५२ कॅरेटचा ‘होप’ हिरा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

टॅव्हर्नियरला सरदारकी मिळाली. १६७० मध्ये त्याने जिनिव्हाजवळची ओबोनची जहागीर विकत घेतली, पण १६८५ मध्ये ती विकावी लागली. ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर तो पुन्हा पूर्वेच्या वाटेला लागला. रशियामार्गे जाताना १६८९ मध्ये त्याचा मॉस्कोत मृत्यू झाला.