माळरानावरचा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

कारखान्यामागून नगर कसे वसते, हे भिलाईकरांना सांगावयास नको. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि तिच्या आसऱ्याने आमचे संसार येथे रुजले. परंतु त्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक, सरकारी खजिना पाठीशी नसताना, एका मराठी माणसाने ओसाड माळावर अशीच वसाहत उभी केली होती. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस कळत नसे. तेव्हा रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. १८८८ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, वडील बंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकानही थाटले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

तेथील लहानशा कर्मशाळेत कडबा कापण्याची यंत्रे होऊ लागली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. मात्र तो घेण्यास कोणी धजेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर पडून राहिले. तरीही लक्ष्मणरावांनी नाद सोडला नाही. अनुभव येताच शेतकऱ्यांनीच तो नांगर आपलासा केला.

इतक्यात बेळगाव नगरपालिकेने कर्मशाळेची जागा सोडण्यास सांगितले. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचे राज्य! १९१० च्या मार्चमध्ये मोजके कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले. घरे बांधणे, पाण्याची सोय करणे आणि नांगर घडविणे ही कामे एकदमच चालू झाली. या वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला, तरी कारखाना तगला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी निघालेली 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिकाच्या रूपाने मराठी घरोघरी पोहोचली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले; १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट निघाले. कुंडल रोड स्थानकाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

आम्ही नोकरीवर जगलेली माणसे. नोकरीने आम्हांस अन्न दिले, मान दिला. तिला आम्ही उणे लेखीत नाही. परंतु घरातील एखादा मुलगा वा मुलगी नेमणुकीची वाट न पाहता स्वतःचा लहानसा उद्योग मांडू म्हणेल, तर त्याला वेड्यात काढण्यापूर्वी न विकलेल्या त्या नांगरांची आम्हांस आठवण व्हावी.