ट्रंपेटवादक चिक चॉकलेट

लग्नसराई आली म्हणजे आमच्या ठाणाकुशनूरच्या परिसरात बँडचे सूर घुमू लागतात. वरातीपुढे पितळी वाद्ये चकाकतात, जुन्या हिंदी चित्रपटातील एखादे गीत सुरू होते आणि आबालवृद्धांचे पाय ठेका धरतात. त्या गीतांना असा उसळता ठेका देणाऱ्यांपैकी एका गोमंतकीय वादकाचा परिचय आम्ही विद्यार्थिमित्रांना करून देत आहोत.

अंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे येथे झाला. मुलाने मेकॅनिक व्हावे व सुखाने चार घास खावेत, अशी आईची इच्छा होती. मुलाचे चित्त मात्र संगीतात रमले. त्या काळी गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलिपी शिकवीत. ही विद्या पुढे अनेक गोमंतकीयांच्या चरितार्थाचे साधन झाली.

वाझ यांना ओढ लागली ती जॅझ संगीताची. हे संगीत अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्स नगरात जन्मले. तेथे अंत्ययात्रेतही बँड असतो. जाताना तो संथ स्तोत्रे वाजवितो आणि परतताना आनंदाचे सूर. तेथील अन्नही त्या संगीतासारखेच अनेकांच्या हातचे आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर भेंडी तेथे गेली. ‘गंबो’ या कालवणाचे नावही भेंडीच्या आफ्रिकी नावावरून पडले. ते भाताबरोबर खातात. मसालेदार सॉसेज घालून शिजविलेला तेथील ‘जंबालाया’ भात पाहिला, तर गोमंतकीयाला घरच्या चोरीस पुलावाची आठवण व्हावी!

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचे कृष्णवर्णीय वादकांचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि मुंबईकरांना या संगीताची गोडी लागली. पुढे १९४० नंतरच्या दशकात त्याच ताजमध्ये वाझ यांचे स्वतःचे पथक वाजू लागले. एव्हाना ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाले होते. न्यू ऑर्लिन्सचे लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. त्यांची वादनशैली व घोगऱ्या आवाजातील गायन चिक यांनी इतके आत्मसात केले, की रसिक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत त्या काळी बाहेर गोमंतकीय वादक आणि आत मुदपाकखान्यात गोमंतकीय आचारी, असे दृश्य नेहमीचे होते. पाहुणे जेवीत, नाचत आणि तृप्त होऊन घरी जात.

हॉटेलातले हे संगीत सामान्य माणसापर्यंत पोचले ते चित्रपटांमुळे. पुणतांब्याचे सुपुत्र, संगीतकार सी. रामचंद्र यांचे चिक साहाय्यक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात तर त्यांचे पथक पडद्यावरही दिसले. त्याच वर्षीच्या ‘नादान’ चित्रपटाला चिक यांनी स्वतः संगीत दिले. एरवी मात्र वादकांची नावे श्रेयनामावलीत सहसा येत नसत. गीत घरोघरी पोचे; त्यातील ट्रंपेट कोणी वाजविला, हे कोणी विचारीत नसे.

१९६७ साली, पन्नाशी उलटते न उलटते तोच, चिक यांचे निधन झाले.

दूरदेशीची कला त्यांनी आपलीशी केली आणि आपल्या लोकांच्या आनंदात मिसळून टाकली. त्यांचे नाव मात्र मागे राहिले. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वरातीत बँड वाजेल तेव्हा सुराबरोबर वादकाकडेही पाहा. घामाघूम होऊन कर्णा फुंकणाऱ्या त्या माणसाला त्याचे नाव विचारा. चिक चॉकलेट यांचे स्मरण याहून चांगले कोणते असणार?