बॉम्ब अचूक टाकायचं यंत्र ज्यांनी बनवलं, तेच पॅट्रिक ब्लॅकेट शहरांवर बॉम्ब टाकायच्या विरोधात उभे राहिले

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनचं लँकेस्टर विमान. आत सात माणसं. त्यातला एक जण विमानाच्या पार नाकात पोटावर पालथा पडलेला असायचा.

तोंडासमोर पारदर्शक घुमट, हातात बॉम्ब सोडायचं बटण, शेजारी कोणता बॉम्ब कधी सुटणार हे ठरवणारी खटक्यांची रांग. आणि पोटाखालीच पॅराशूट बांधून उडी मारायचा दरवाजा. हा म्हणजे बॉम्ब एमर. शेवटच्या काही मिनिटांत विमान खऱ्या अर्थाने त्याच्या ताब्यात असायचं. तो सांगेल तसं पायलटने डावीकडे, उजवीकडे सरकायचं.

या माणसाच्या डोळ्यासमोर जे यंत्र होतं त्याचं नाव मार्क १४ बॉम्बसाइट. आणि ते ज्यांच्या डोक्यातून निघालं ते होते पॅट्रिक ब्लॅकेट. पुढे नोबेल मिळवणारे, नेहरूंचे सल्लागार झालेले आणि ब्रिटनच्या बॉम्बफेकीचं गणित चुकलंय असं सरकारला तोंडावर सांगणारे.

ब्लॅकेट यांचा जन्म १८९७ सालचा, लंडनचा. शाळकरी वयातच ते नौदलाच्या शाळेत गेले. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते, आणि थेट युद्धनौकेवर गेले. फॉकलंडची लढाई पाहिली, १९१६ ची जटलंडची लढाई पाहिली. आपलं जहाज हलतंय, समोरचं जहाज पळतंय आणि तरी तोफ नेमकी लागली पाहिजे, हा हिशोब त्यांनी पुस्तकात नाही तर समुद्रावर शिकला.

युद्ध संपल्यावर नौदलाने त्यांना थोड्या महिन्यांच्या अभ्यासासाठी केंब्रिजला पाठवलं. तिथे त्यांनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा पाहिली आणि काही आठवड्यांतच नौदलाचा राजीनामा दिला. गुरू मिळाले अर्नेस्ट रदरफोर्ड. काम मिळालं क्लाउड चेंबरचं, म्हणजे ज्या भांड्यातल्या दमट हवेत अणूतल्या कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांसारख्या उमटतात. ब्लॅकेट यांनी सुमारे २३ हजार फोटो काढले. त्यातल्या फक्त आठ ठिकाणी रेघेला असा फाटा फुटलेला दिसला की नायट्रोजनच्या अणूचं ऑक्सिजनमध्ये रूपांतर होताना जगाने पहिल्यांदा पाहिलं.

मग आलं दुसरं महायुद्ध. ब्लॅकेट फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात दाखल झाले, आणि बॉम्बसाइटचं दुखणं त्यांच्यासमोर आलं.

आता बॉम्ब टाकणं अवघड का होतं ते बघा. विमान २० हजार फुटांवर आहे. तिथून सोडलेला बॉम्ब सरळ खाली पडत नाही, विमानाच्या वेगाने पुढेही जात राहतो. जमिनीवर पोचायला त्याला ३५ सेकंदांहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो तीन किलोमीटरच्या आसपास पुढे गेलेला असतो. म्हणजे लक्ष्य डोक्याखाली यायच्या कितीतरी आधी बटण दाबायचं. त्यात वारा विमानाला एका बाजूला ढकलतोय, तो हिशोब वेगळाच.

जुनी बॉम्बसाइट हा हिशोब करायची, पण तिची एक अट होती. विमान बराच वेळ अगदी सरळ आणि सपाट उडालं पाहिजे. जरा कललं की नेम गेला. आणि खालून विमानविरोधी तोफा धडधडत असताना सरळ रेषेत उडणं म्हणजे मरणाला आमंत्रण.

ब्लॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राचे दोन भाग केले. एक हिशोब करणारी पेटी. विमानाचा वेग, उंची आणि दिशा तिला उपकरणांकडून आपोआप मिळायची. वाऱ्याचा वेग आणि दिशा, बॉम्बचा प्रकार, लक्ष्याची समुद्रसपाटीपासूनची उंची एवढं बॉम्ब एमरने बटणं फिरवून भरायचं. दुसरा भाग म्हणजे बघायची काच. तिच्यावर प्रकाशाची फुली उमटायची आणि जायरोस्कोपमुळे विमान कललं तरी ती जागेवर राहायची. लक्ष्य फुलीवर आलं की बटण दाबायचं.

फायदा काय झाला? पायलटला हुलकावण्या देत येता येऊ लागलं. शेवटी दहाएक सेकंद विमान स्थिर धरलं तरी पुरायचं. यंत्र पूर्ण व्हायच्या आत, १९४० मध्येच ब्लॅकेट दुसऱ्या कामावर गेले, पण पाया त्यांचा होता. १९४२ पासून ते विमानांवर चढलं. अमेरिकेत टी-१ नावाने त्याची हजारोंनी निर्मिती झाली.

पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

ऑगस्ट १९४१ मध्ये बट अहवाल आला. रात्रीच्या हल्ल्यांचे फोटो तपासल्यावर कळलं की लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्या विमानांपैकी तीनातलं एकच विमान लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. नेम धरायचं यंत्र कितीही चांगलं असो, अंधारात विमान योग्य जागीच पोचत नसेल तर करायचं काय?

सरकारने उत्तर काढलं की कारखान्यावर नेम धरायच्या ऐवजी अख्ख्या शहरावरच बॉम्ब टाकायचे. मार्च १९४२ मध्ये चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी आकडेमोड मांडली. जर्मनीची कामगारांची घरं पाडली तर एक तृतीयांश लोक बेघर होतील आणि देशाचं मनोधैर्य खचेल, असा तो हिशोब होता.

ब्लॅकेट तेव्हा नौदलाचे सल्लागार होते. त्यांनी तो हिशोब तपासला आणि सांगितलं की किती घरं पडतील याचा अंदाज सहापट फुगवलेला आहे. दुसरे ज्येष्ठ शास्त्रज्ञ हेन्री टिझर्ड यांनी स्वतंत्रपणे गणित केलं, त्यांना तो पाचपट फुगलेला दिसला. ब्लॅकेट यांचं म्हणणं होतं की लांब पल्ल्याची विमानं अटलांटिकवर पाठवा, तिथे जर्मन पाणबुड्या अन्नधान्याची जहाजं बुडवतायत.

हे ते हवेत बोलत नव्हते. पाणबुड्यांच्या लढाईत त्यांच्या गटाने नुसत्या आकड्यांवर चमत्कार केले होते. गस्तीची काळी विमानं पांढरी रंगवली, त्यामुळे पाणबुडीला ती उशिरा दिसू लागली. जहाजांचे छोटे ताफे करण्यापेक्षा मोठे ताफे केले तर नुकसान कमी होतं, हेही त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. ऑपरेशनल रिसर्च या विषयाच्या जनकांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं ते यासाठीच.

पण यावेळी त्यांचं ऐकलं गेलं नाही. हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन अशी शहरं जळाली. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ जण मेले. त्यांच्यात ब्लॅकेट यांच्या यंत्रावर डोळे लावून पालथे पडलेले असंख्य बॉम्ब एमर होते.

१९४८ साली ब्लॅकेट यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्यांनी अणुबॉम्बच्या राजकारणावर पुस्तक लिहिलं आणि ब्रिटन, अमेरिकेत टीकेचे धनी झाले.

भारताशीही त्यांचं नातं जुळलं. १९४७ च्या जानेवारीत दिल्लीत सायन्स काँग्रेसच्या निमित्ताने नेहरूंची भेट झाली आणि नेहरूंनी संरक्षणाबद्दल त्यांचा सल्ला मागितला. देशाला परवडेल आणि पेलवेल तेवढंच करा, अण्वस्त्रांच्या मागे लागू नका, असा त्यांचा सूर होता. १९४८ साली संरक्षण विज्ञान संघटना उभी राहिली, तिच्या मागे त्यांचा सल्ला होता. तिचीच पुढे डीआरडीओ झाली.

आणि एक गोष्ट थेट आपल्या सह्याद्रीची. युद्धानंतर ब्लॅकेट यांनी फिरणाऱ्या ग्रहांच्या चुंबकत्वाबद्दल एक सिद्धांत मांडला. तो तपासायला स्वतःच अतिशय नाजूक चुंबकमापक बनवला. प्रयोग केला आणि सिद्धांत खोटा ठरला. त्यांनी तो निकाल जसाच्या तसा छापला.

पण मापक वाया गेला नाही. लाव्हा थंड होताना त्या वेळची पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा दगडात कायमची कोरली जाते, ती वाचायला तसलीच उपकरणं लागतात. लंडनच्या त्यांच्या गटाने दख्खनच्या काळ्या पाषाणाचे तुकडे मोजले. १९५६ साली निष्कर्ष आला की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात यावर तोवर बहुतेकांचा विश्वास नव्हता, त्याला सह्याद्रीच्या दगडाने साक्ष दिली.

१३ जुलै १९७४ ला ब्लॅकेट गेले. आकडा चर्चिलच्या सल्लागाराचा असो की स्वतःचा, चुकला असेल तर चुकला म्हणायचं, एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यभर पाळला.