रे क्रॉक : उसन्या नावाचा धनी

रे क्रॉक हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या परिचयाचे असेल; मॅकडोनाल्ड्स हे नाव मात्र न ऐकलेला विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही. ज्या नावावर क्रॉकने साम्राज्य उभारले ते त्याचे नव्हते, आणि पंधरा सेंटांना बर्गर विकण्याची युक्तीही त्याची नव्हती. तरीही अनेक वर्षे संस्थापक म्हणून जगाने त्यालाच ओळखले. हा मान त्याला कितपत साजतो, या कुतूहलापोटी मी त्याच्या चरित्राकडे वळलो.

क्रॉकचा जन्म ५ ऑक्टोबर १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. पहिल्या महायुद्धात वय चोरून तो रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका-चालकांत दाखल झाला, पण तेवढ्यात युद्धच संपले. पुढे पियानो वाजवणे, कागदी पेले विकणे, मग एकाच वेळी पाच मिल्कशेक घुसळणारे यंत्र विकणे, अशी त्याची उमर फिरतीवर गेली. यंत्राचा खप घटत असताना कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील एकाच दुकानाने तशी आठ यंत्रे घेतल्याचे त्याला कळले. १९५४ साली तो ते दुकान पाहायला गेला.

दुकान रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनाल्ड बंधूंचे. १९४८ मध्ये त्यांनी आपले उत्तम चाललेले उपाहारगृह काही महिने बंद ठेवले, वाढपी मुली कमी केल्या, काटे-चमचे नि बशा काढून टाकल्या आणि पदार्थ अवघ्या नऊवर आणले. नवे स्वयंपाकघर उभारण्याआधी टेनिसच्या मैदानावर खडूने त्याचा आराखडा काढला आणि नोकरांना त्यात हालचाली करायला लावून कोण कुणाच्या आड येतो ते पाहिले. माझ्या मते खरी प्रतिभा ती हीच. क्रॉकचा तिच्यात काडीचाही वाटा नाही.

मग क्रॉकचे काय? बावन्नाव्या वर्षी, मधुमेह आणि संधिवात सोबत घेऊन, त्याने देशभर शाखा काढण्याचा करार केला आणि १५ एप्रिल १९५५ रोजी डे प्लेन्स येथे आपले पहिले दुकान उघडले. तिथल्या तळलेल्या बटाट्यांना बंधूंकडची चव येईना. शोधाअंती उमगले, की बंधूंकडचे बटाटे जाळीच्या पेट्यांत वाळवंटी वाऱ्यावर सुकत. क्रॉकने तळघरात पंखा लावला! असा चिवट माणूस. हे बटाटे त्या काळी गोमांसाच्या चरबीत तळले जात. १९९० मध्ये अमेरिकेत वनस्पती तेल आले, पण गोमांसाचा स्वाद राहिला. २००१ मध्ये ते उघड होताच भारतातही निदर्शने झाली. १९९६ पासून दिल्ली-मुंबईत बिनगोमांसाची दुकाने चालवणाऱ्या कंपनीला इथल्या बटाट्यांबद्दल खुलासे करावे लागले.

पैसा मात्र बर्गरात नव्हता. शाखाचालकाच्या विक्रीतून १.९ टक्के मिळत, त्यातला अर्धा टक्का बंधूंचा. १९५६ मध्ये हॅरी सॉनबॉर्न या सहकाऱ्याने वाट काढली : जागा कंपनीने ताब्यात घ्यायची आणि शाखाचालकाला चढ्या भाड्याने द्यायची. नियम मोडणाऱ्याला मग सरळ बाहेर काढता येई.

१९६१ मध्ये क्रॉकने २७ लाख डॉलर मोजून बंधूंकडून नावासकट सारे हक्क घेतले. सॅन बर्नार्डिनोचे मूळ दुकान मात्र बंधूंनी सोडले नाही. क्रॉक चिडला. बंधूंना स्वतःचेच आडनाव पाटीवरून उतरवून ‘बिग एम’ असे नाव द्यावे लागले, आणि क्रॉकने जवळच नवे मॅकडोनाल्ड्स थाटले. काही वर्षांत जुने दुकान बंद पडले. कायद्याने यात वावगे काही नसेल. मला ते क्षुद्रपणाचे वाटते. १९७२ मध्ये निक्सन यांच्या निवडणूक निधीला त्याने अडीच लाख डॉलर दिले, तेव्हाही टीका झाली, कारण त्याच सुमारास अल्पवयीन कामगारांना किमान वेतनाहून कमी पगार देण्याची मुभा मागितली जात होती. दोहोंचा संबंध त्याने नाकारला.

१४ जानेवारी १९८४ रोजी क्रॉक वारला, तेव्हा दुकाने सुमारे ७,५०० झाली होती. मॉरिस १९७१ मध्येच गेला होता. त्याच १९८४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला कंपनीने आपला पन्नास अब्जावा हॅम्बर्गर समारंभपूर्वक बनवला आणि तो खायला दिला रिचर्ड मॅकडोनाल्डला.